घरी लेथ घ्यायचा तर कोणता?

नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर कोणीतरी पितळेचे चिमुकले वाफेचे इंजिन कातताना पाहते आणि घरी येऊन म्हणते, ‘‘बाबा, आपणही एक छोटा लेथ घेऊ या ना.’’ हल्ली हा हट्ट पूर्वीइतका दुर्मिळ राहिलेला नाही. पालक गोंधळतात. क्रिकेटची बॅट घ्यायची की तबला, याचा अंदाज घरात कुणाला तरी असतो. लेथचा नसतो. मग जाहिरातीतले चकचकीत चित्र आणि किंमत एवढेच पाहून मशीन मागवले जाते, वा ‘‘हे आपले काम नव्हे’’ म्हणून विषय संपवला जातो. मला या दोन्ही गोष्टी पसंत नाहीत. घरी लेथ जरूर असावा, पण तो निवडताना वजन आणि सरळपणा आधी पाहावा, सोयी आणि चकाकी नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ड्रिलमध्ये हत्यार फिरते आणि वस्तू स्थिर असते. लेथवर उलट असते. वस्तू, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘जॉब’, चकमध्ये पकडून फिरवायची आणि तिला धारदार टूल लावून हवा तो गोल आकार द्यायचा. आपल्याकडे हिंदीत याला खराद म्हणतात. मराठीत लाकूड कातणाऱ्याला कातारी हा जुना शब्द आहे. श्योपूरच्या खरादी लाकडी वस्तू आपल्या भागात सर्वांना माहीत आहेत. त्या श्योपूरला ग्वाल्हेरहून जाणारी दोन फुटी रुळांची नॅरोगेज गाडी २०२० साली थांबली. तिचे प्रत्येक चाक, प्रत्येक आस कधी ना कधी लेथवरून गेलेला होता. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची छोटी आगगाडी मुलांनी पाहिली असेलच. चाक गोल नसेल आणि आस बरोबर मध्यावर नसेल तर गाडी डुलते, मग ती चांदीची असो की लोखंडाची.

मराठी माणसाला हा विषय परका वाटू नये, याला आणखी एक कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. पुढे बेळगावला त्यांनी सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ साली, महायुद्धामुळे परदेशी यंत्रे मिळणे कठीण झालेले असताना, हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर हा कारखाना उभा राहिला आणि तिथे लेथ बनू लागले. १९५३ साली बंगळूरला एचएमटी स्थापन झाली. मैसूर किर्लोस्कर बंद पडूनही आता बरीच वर्षे झाली, पण तिथले लेथ जुन्या कारखान्यांत आणि प्रशिक्षण संस्थांत अजून दिसतात. पन्नास वर्षांचे मशीन आजही काम देते, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवावी.

आता मूळ प्रश्न. घरासाठी परवडणारा लेथ म्हणून आज आपल्यासमोर ढोबळमानाने तीन पर्याय येतात. पहिला, चीनमध्ये बनणारा टेबलावरचा छोटा ‘मिनी लेथ’. दुसरा, पंजाबातील बटाला-लुधियाना किंवा गुजरातेतील राजकोटकडचा, फुटांच्या मापाने विकला जाणारा देशी लेथ. तिसरा, कुठल्यातरी बंद पडलेल्या वर्कशॉपमधला जुना.

मिनी लेथ निरनिराळ्या नावांनी आणि रंगांनी येतो, पण रंग खरवडला तर आतले मशीन बहुधा एकाच कुळातले असते. त्यावर साधारण १८० मि.मी. व्यासाची वस्तू फिरते, दोन सेंटरमधले अंतर ३०० ते ३५० मि.मी., वजन चाळीस किलोच्या आसपास. इथे एक सूचना. जाहिरातीतला १८० मि.मी. हा आकडा बेडवरचा आहे. टूल धरणारी क्रॉस स्लाइड खाली आली की जागा उरते सुमारे ११० मि.मी. शिवाय कोणी ‘स्विंग’ म्हणजे पूर्ण व्यास सांगतो, तर कोणी ‘सेंटर हाइट’ म्हणजे त्याच्या निम्मे. साडेतीन इंची आणि सात इंची अशा दोन जाहिराती एकाच मापाच्या मशीनच्या असू शकतात. तुलना करण्यापूर्वी आकडा कशाचा आहे, ते विचारून घ्यावे.

या मशीनची जमेची बाजू मोठी आहे. दोन माणसे ते जिन्याने वर नेऊ शकतात, घरच्या साध्या सॉकेटवर ते चालते, आणि बटण फिरवून वेग कमी-जास्त करता येतो. पितळ, ॲल्युमिनियम आणि लहान व्यासाचे नरम पोलाद यांवर ते चांगले काम देते. अडचण कुठे येते? ती गणिताने पाहू. नरम पोलादावर हायस्पीड स्टीलच्या टूलने कातताना धातूचा पृष्ठभाग टूलसमोरून मिनिटाला साधारण ३० मीटर सरकावा असा ठोकताळा आहे. त्यावरून फेरे काढायचे तर १००० गुणिले ३०, भागिले ३.१४ गुणिले व्यास. १० मि.मी. व्यासाला सुमारे ९५५ फेरे येतात, २५ मि.मी.ला ३८२, आणि १०० मि.मी.ला अवघे ९५. म्हणजे वस्तू मोठी झाली की मशीन हळू फिरले पाहिजे आणि त्याच वेळी जोरही जास्त लागतो. पट्टा किंवा गिअर बदलून वेग कमी केला तर जोर वाढतो. केवळ बटणाने वेग कमी केला तर मोटरची ताकदही घटते. त्यामुळे हा लेथ नेमका मोठ्या वस्तूवर अडखळतो. त्यात वजन कमी असल्याने थरथर होते, आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. मुलाला वाटते आपला हात वाईट. हात वाईट नसतो, मशीन हलके असते.

म्हणून मी वजनावर एवढा भर देतो. ओतीव लोखंड हे कंप गिळणारे लोखंड आहे. इंग्लंडात छंद म्हणून आगगाड्यांची चालती मॉडेल्स करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे मायफर्ड नावाचा लेथ वापरला. त्याचेही माप सातच इंचांचे होते, पण तो मिनी लेथपेक्षा कितीतरी भारी आणि भक्कम. तो कारखाना २०११ साली बंद झाला. आपल्याकडे तो सहजी मिळणार नाही, तेव्हा त्याचा मोह नको. मात्र त्याने घालून दिलेला मापदंड ध्यानात असावा.

देशी लेथकडे वळू. बटाला किंवा राजकोटचा साडेचार फुटी लेथ हा दिसायला ओबडधोबड, पट्ट्यावर चालणारा आणि वजनाला काही क्विंटलांचा. त्याच्यावर पोलाद कातायला भीती वाटत नाही. सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती करणारा मिस्त्री आपल्या शहरात सापडतो, हे विसरू नये. दोष असा की एकाच कारखान्याचे दोन लेथ एकसारखे निघतील याची खात्री नसते. तो डोळे मिटून मागवू नये, जाऊन पाहून, चालवून घ्यावा.

आणि घर पाहावे! दौलतगंजातल्या आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न फार व्यवहाराचा आहे. गल्ली अरुंद, जिना त्याहून अरुंद, वरच्या मजल्याला लाकडी तुळया आणि दगडी पट्ट्या. अशा मजल्यावर चार-पाचशे किलोचे फिरते मशीन ठेवणे मला मान्य नाही, कितीही हट्ट झाला तरी. तळमजल्यावर भक्कम फरशी, हातगाडी दारापर्यंत येण्याची सोय आणि भिंतीला लागून न झोपणारे शेजारी असतील तरच मोठा लेथ. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने मिनी लेथच घ्यावा, पण तो हलत्या टेबलावर न ठेवता जाड, जड बाकावर बोल्टने आवळून बसवावा. निम्मी थरथर तिथेच जाते.

तिसरा पर्याय जुन्या मशीनचा. माझा कल इकडे आहे, हे लपवत नाही. बिर्लानगरच्या गिरण्या बंद पडल्या, लहान वर्कशॉप बंद होत गेली, आणि चांगली मशीने भंगाराच्या भावाने गेली. अशी मशीने आजही अधूनमधून निघतात. पण बैल घेताना दात मोजतात, तसे इथेही मोजावे लागते. विक्रेत्याने नवा रंग दिला असेल तर अधिकच.

प्रथम बेड कापडाने पुसून घ्यावा आणि चकच्या जवळच्या भागावर नख फिरवावे. काम नेहमी चकजवळच चालते, त्यामुळे बेड तिथेच झिजतो. तिथे पायरी लागली तर झीज आहे. मग कॅरेज चकजवळ आणून त्याच्या गिबचे स्क्रू डुलणे थांबेपर्यंत आवळावे आणि कॅरेज टेलस्टॉककडे न्यावे. ते वाटेत घट्ट होऊन अडकले, तर समजावे की बेड एका बाजूला खाल्लेला आहे. थोडी झीज चालते. कॅरेज अर्ध्यावरच रुतून बसत असेल तर ते मशीन नको.

नंतर स्पिंडल. चकमध्ये जाड सळई धरावी, डायल इंडिकेटर बेडवर टेकवून त्याचे टोक स्पिंडलच्या नाकाशी लावावे आणि सळई वर-खाली दाबावी. काटा एक-दोन शतांश मिलिमीटर हलला तर हरकत नाही. त्याहून फार हलत असेल तर बेअरिंग घट्ट करून होते का, ते मिस्त्रीकडून पाहावे. गिअरचे दात मोजावेत, वेल्डिंग करून डकवलेला दात ओळखू येतो. हँडल उलटे फिरवताना पाव फेरा मोकळा जातो, याला बरेच जण घाबरतात. तो दोष नव्हे. टूल नेहमी एकाच दिशेने पुढे आणले की तो मोकळा फेरा आड येत नाही. तसेच तीन जबड्यांच्या चकमध्ये वस्तू किंचित लंबवर्तुळी फिरल्यासारखी दिसली तरी मशीन टाकाऊ ठरवू नये. त्या चकचा पाच-दहा शतांशाचा फरक नेहमीचा आहे. नेमके काम करायचे तेव्हा चार जबड्यांचा चक वापरतात.

शेवटची परीक्षा कातूनच घ्यायची. २५ मि.मी.ची सळई चकमध्ये पकडून दुसरे टोक मोकळे ठेवावे. तिच्यावर शंभर मिलिमीटर अंतराने दोन रुंद कडी राहतील असा मधला भाग थोडा खोल कातावा. मग टूलची खोली न बदलता दोन्ही कड्यांवरून अगदी हलका काप घ्यावा आणि मायक्रोमीटरने दोन्हींचे व्यास मोजावेत. दोन शतांशांपर्यंत फरक घरच्या कामाला उत्तम. फरक जास्त आला तरी लगेच नाही म्हणू नये, कारण जमीन सपाट नसेल तर बेड पिळला जातो आणि असाच फरक दिसतो. एका पायाखाली पातळ पत्रा सारून पुन्हा मोजावे. फरक बदलला तर दोष जमिनीचा. ज्याला ही परीक्षा करू द्यायची नसेल त्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नये. एखाद्या निवृत्त टर्नरला बरोबर न्यावे आणि त्याच्या अर्ध्या दिवसाचे मानधन आनंदाने द्यावे. मशीनवरचा सर्वांत शहाणा खर्च तोच.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यासाठी एक गंमत. जुन्या देशी लेथचा लीड स्क्रू पुष्कळदा इंची असतो, एका इंचात चार आटे. म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात कॅरेज ६.३५ मि.मी. सरकते. त्यावर एक मिलिमीटरचे मेट्रिक आटे पाडायचे तर स्पिंडलच्या एका फेऱ्याला लीड स्क्रू १ भागिले ६.३५ इतका फिरला पाहिजे. हा अपूर्णांक सोपा करून पाहा. उत्तर येते वीस भागिले एकशे सत्तावीस. म्हणून त्या लेथबरोबर १२७ दातांचा एक मोठा गिअर लागतो. १२७ ही मूळ संख्या आहे, तिला लहान करता येत नाही. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी., आणि त्याची पाचपट बरोबर १२७. तेव्हा जुना लेथ घेताना बाबांना विचारा, ‘‘एकशे सत्तावीसचा गिअर बरोबर आहे ना?’’ नसेल तर तेवढी किंमत कमी करून मागा. मिनी लेथबरोबरही बदली गिअरचा पूर्ण संच आला आहे का, ते मोजून घ्या.

पैशांविषयी थोडे. समजा हाताशी एक लाख रुपये आहेत, तर मशीनवर साठ-पासष्ट हजारांपेक्षा अधिक खर्चू नयेत असे मी म्हणेन. उरलेले लागतातच. चार जबड्यांचा चक, टेलस्टॉकचा ड्रिल चक, फिरते सेंटर, टूलला धार लावायला ग्राइंडर, व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर, चांगला दिवा, वाहतूक, कर. यांपैकी निम्मी यादी विसरून लोक सगळे पैसे मशीनवर घालतात आणि मग मशीन महिनोन् महिने कापड पांघरून बसते. सुरुवातीला कार्बाइडची महागडी टूल्स नकोत. हायस्पीड स्टीलचा चौकोनी तुकडा आणून स्वतः घासून धार लावायला शिकावे. आकडे दाखवणारा डिजिटल पडदा, संगणकी नियंत्रण, हे सारे पुढचे. लेथ, ड्रिल आणि मिलिंग अशी तीन कामे एकाच ढाच्यात करणारी मशीनेही विकली जातात. त्यांपैकी एकही काम ती मन लावून करत नाहीत, असे माझे मत आहे. जुन्या मशीनला थ्री फेज मोटर असेल तर घाबरू नये. सिंगल फेज मोटर बदलता येते किंवा इन्व्हर्टर ड्राइव्ह लावता येतो, मात्र ते काम जाणत्या वायरमनकडूनच करावे आणि अर्थिंग नक्की तपासून घ्यावे.

सुरक्षेबाबत मात्र कसलीही तडजोड नको. लेथवर हातमोजे घालू नयेत. हे ऐकून नवशिक्यांना आश्चर्य वाटते, पण फिरत्या वस्तूने मोज्याचा धागा धरला की बोट आत ओढले जाते. ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या, अंगठी, साखळी, मनगटावरचा गंडा, सारे बाहेर ठेवूनच मशीनपाशी यावे. डोळ्यांवर चष्मा हवाच. चकची चावी चकमध्ये ठेवून हात बाजूला नेऊ नये. चालू मशीनवर ती गोळीसारखी सुटते. पोलादाचा लांब कुरळा बुरा हाताने ओढू नये, तो ब्लेडसारखा कापतो. मशीन थांबवून आकड्याने काढावा. घरात मोठे माणूस नसताना मुलांनी लेथ सुरू करू नये, आणि मुख्य स्विचला कुलूप असावे.

आता एक विनंती माननीय विश्वस्तांना. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून हस्तव्यवसायांची ओळख आणि दहा दिवस दप्तराविना शिक्षण असे म्हटले आहे. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत अनेक शाळांत त्रिमिती प्रिंटर आले. प्रिंटरला माझा विरोध नाही. पण प्लास्टिक थरावर थर बसून तयार झालेली वस्तू पाहणे वेगळे, आणि पोलादाने टूलला दिलेला प्रतिकार हाताला जाणवणे वेगळे. शतांश मिलिमीटर म्हणजे काय, हे फळ्यावर कळत नाही. प्रत्येक घराने आपापला मिनी लेथ घेण्यापूर्वी शाळेने एक भक्कम, तपासलेला जुना लेथ तळमजल्यावर बसवावा. मुलाचा हट्ट खरा आहे की पंधरा दिवसांचा, ते पालकांना तिथेच कळेल, आणि कित्येक घरांचा लाख रुपयांचा खर्च वाचेल.

शिकवणार कोण, असा प्रश्न येईल. गिरण्यांत, रेल्वेत आणि लहान वर्कशॉपमध्ये हयात घालवलेले टर्नर-फिटर लष्करात आणि बिर्लानगरात अजून आहेत. नुसत्या आवाजावरून टूलची धार गेल्याचे त्यांना कळते. त्यांतले बरेच आता सत्तरीच्या पुढे आहेत. मशीन पुढल्या वर्षीही मिळेल. त्यांना मात्र याच सत्रात, रविवारी सकाळी दोन तास आणि जाण्या-येण्याच्या रिक्षाभाड्यासह मानधन देऊन, बोलवावे.